आहार-सल्ला : सुट्टीचा प्रवास, आग्रहाची पंगत आणि वजनाचा काटा

एप्रिल महिना उजाडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. जानेवारीत वाचकांना वजन उतरवायचे असते आणि एप्रिलमध्ये ते उतरवलेले वजन मे महिन्याच्या सहलीतून सुखरूप घरी कसे आणावे, ही चिंता असते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४२ आहे. रोजचे चालणे आणि बेताचे जेवण यांच्या जोरावर मी वर्षभरात सात किलो वजन उतरवले होते. गेल्या मे महिन्यात आम्ही मालवणजवळच्या आमच्या मूळ गावी आठ दिवस राहिलो. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी काट्यावर उभी राहिले, तर वजन २.४ किलोंनी वाढलेले दिसले. मी इतकी खचले की महिनाभर चालायलाच गेले नाही आणि मग वजन खरोखरच वाढत गेले. यंदा पुन्हा गावी जायचे आहे. चुलतसासूबाई मायेने पानात वाढत राहतात आणि नको म्हटले, तर ‘आमचा जेवाण आता तुका गोड लागणा नाय’ असे म्हणून रुसतात. आंबा पूर्णपणे वर्ज्य करावा का? – एक भगिनी, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आंब्याविषयीचे नाही आणि चुलतसासूबाईंविषयीचेही नाही. ‘महिनाभर चालायलाच गेले नाही’ हे ते वाक्य आहे. परंतु त्याच्याकडे वळण्याआधी त्या २.४ किलोंचा हिशेब मांडून पाहू. शरीरात एक किलो चरबी साठण्यासाठी गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. या हिशेबाने २.४ किलो चरबी आठ दिवसांत साठायची, तर आपल्या नेहमीच्या गरजेच्या वर रोज सुमारे २,३०० कॅलरी, म्हणजे एका मध्यमवयीन स्त्रीच्या पूर्ण दिवसाच्या आहाराहूनही अधिक अन्न, आठही दिवस न चुकता खावे लागले असते. चुलतसासूबाईंचा आग्रह कितीही मोठा असला, तरी हे त्यांनाही साधणार नाही.

मग काट्यावर दिसले ते काय होते? त्यातील बहुतांश पाणी होते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, आपल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. जो माणूस बरेच महिने बेताने खात आलेला असतो, त्याचा हा साठा काहीसा रिता असतो आणि चार दिवस भात, घावन व गोडधोड पोटात गेले की तो भराभर भरतो. त्यात लोणचे, पापड, सुकी मासळी आणि गाडीतले फरसाण यांचे मीठ पडते व तेही पाणी धरते. मुंबई-गोवा रस्त्यावर दहा-दहा तास पाय लोंबकळत ठेवून बसल्यामुळे पावलांवर सूज येते आणि प्रवासात पोट साफ होत नाही, त्याचेही वजन काटा इमानेइतबारे दाखवतो. म्हणून यंदा परतल्यावर पहिला आठवडा काट्याकडे फिरकू नये. घरचे जेवण, पुरेसे पाणी आणि नेहमीचे चालणे सुरू करून आठव्या दिवशी सकाळी वजन करावे. त्या दिवशी दिसेल ती खरी वाढ समजावी.

खरी वाढ होतच नाही, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, एक ते तीन आठवड्यांच्या सुट्टीवर गेलेल्या १२२ प्रौढांची वजने सुट्टीपूर्वी, परतल्यावर आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी घेतली होती. सुट्टीतील सरासरी वाढ सुमारे तीनशे ग्रॅम, म्हणजे अगदीच किरकोळ होती. मात्र सहा आठवड्यांनंतरही ती उतरलेली नव्हती. आपल्या पत्राचा अर्थ मी याच्याशी जोडून लावते. आठ दिवसांच्या जेवणाने आपले जे नुकसान केले, त्याहून कितीतरी मोठे नुकसान परतल्यानंतरच्या त्या एका महिन्याने केले. यंदा गावाहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, बॅगा उघडल्या नसल्या तरी चालेल, पण चालायला जावे.

आता आंबा. तो मुळीच वर्ज्य करू नये. एका मध्यम हापूस आंब्यातून साधारण दीडशे ग्रॅम गर निघतो आणि त्यातून सुमारे शंभर कॅलरी मिळतात, म्हणजे एका पोळीच्या आसपास. आंबा कुठे बसवायचा, याचा विचार मात्र आपण करत नाही. पूर्ण जेवण झाल्यावर वर दोन आंबे, दुपारी चारला पुन्हा एक आणि रात्री वाटीभर रस अशी आंब्याची गणती जेवणाबाहेर ठेवली जाते. तो जेवणात मोजावा. ज्या जेवणात आंबा आहे, त्यात भात निम्मा घ्यावा, आमरसात साखर घालू नये आणि आमरस-पुरीच्या दिवशी रसापेक्षा पुऱ्यांवर लक्ष ठेवावे, कारण एक छोटा चमचा तेल, म्हणजे पाच ग्रॅम, ४५ कॅलरी देते आणि पुरी ते किती सहज पिते हे तळणारीला ठाऊक असते.

मालवणी स्वयंपाक वजन वाढवणारा आहे, हा समज मला नेहमीच अन्यायाचा वाटतो. घावन तव्यावर जेमतेम तेलात होते. कुळथाची पिठी, काजूगरांची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी, बांगड्याचे तिखले आणि सोलकढी यांच्यात वाईट असे काहीच नाही. उलट बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे हृदयाला हितकारक असलेल्या ओमेगा-३ स्निग्धांशासाठी मोठ्या रुबाबदार माशांहून सरस ठरतात. रोज तळलेला तुकडा मागण्याऐवजी एक वेळ कालवण घ्यावे. शिवाय १ जूनपासून दोन महिने राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्यामुळे मे महिन्यात ताजी मासळी मिळते आहे तोवर ती मनापासून खाणे मला योग्यच वाटते. नारळाच्या रसातले शिरवाळे आणि कोंबडी-वडे हे जड पदार्थ आहेत, हे खरे. ते एकेकदा खावेत, त्या दिवशी दुसऱ्या वेळी पेज घ्यावी आणि मनात अपराध बाळगू नये.

माझा स्वतःचा एक नियम आहे आणि बऱ्याच वर्षांच्या अनुभवाने तो मला उपयोगी वाटतो. जे त्या गावीच मिळते, ते समाधानाने खावे आणि जे आपल्या घराजवळच्या नाक्यावर बाराही महिने मिळते, ते सुट्टीत खाऊ नये. शिरवाळे ठाण्यात कोण करून वाढणार? परंतु पनवेल सुटायच्या आत फुटलेली वेफर्सची पिशवी, चिपळूणला घेतलेले शीतपेय आणि चहाबरोबर आलेली क्रीमची बिस्किटे यांच्यासाठी कोणी कोकणात जात नाही. आपल्या आठ दिवसांची जमेल तशी नोंद करून पाहिली, तर जास्तीचे खाणे पंगतीत कमी आणि गाडीत जास्त झाल्याचे दिसेल. गाडीसाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, कोरडी चटणी, काकडी, केळी आणि फुटाणे घ्यावेत. आपल्या आजीच्या पिढीने एसटीच्या प्रवासात हेच बांधून नेले होते. आणखी एक गोष्ट सांगते. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही, या धास्तीने बहुतेक स्त्रिया प्रवासात पाणीच पीत नाहीत, मग तहानेला भूक समजून काहीबाही तोंडात टाकतात आणि दुसऱ्या दिवशी बद्धकोष्ठाने हैराण होतात. थांबण्याच्या जागा आधी ठरवून घ्याव्यात, तसे चालकालाही सांगून ठेवावे आणि पाणी प्यावे.

राहिला आग्रहाचा प्रश्न. वाढणाऱ्याचा हात दुसऱ्या वाढपाला हमखास पुढे येतो, हे गृहीत धरून पहिले वाढप निम्मेच घ्यावे. दुसऱ्यांदा आनंदाने ‘थोडे वाढा’ म्हणता येते आणि वाढणारीचा मान राहतो. पोट भरल्यावर नकार देण्यापेक्षा जेवणाच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन ‘काकी, आज वडे दोनच, पण पिठी मला वाटीभर हवी’ असे सांगितले, तर ते नाकारणे न वाटता मागणे वाटते आणि मागणाऱ्या सुनेवर कोणी रुसत नाही. उन्हे चढण्यापूर्वी वाडीत किंवा किनाऱ्यावर अर्धा-पाऊण तास चालून यावे. दुपारी मे महिन्यातल्या उन्हात चालण्याचा हट्ट करू नये.

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी नुकतेच निवृत्त झालो असून एका पर्यटन कंपनीबरोबर दहा दिवस हिमाचलला जात आहोत. सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा व खाणे आणि रात्रीचे जेवण हे सर्व शुल्कातच अंतर्भूत आहे. मागच्या अशाच सहलीत आम्ही दोघेही दिवसभर खात होतो, असे परतल्यावर लक्षात आले. बुफेसमोर संयम कसा ठेवावा? – एक वाचक, नागपूर

उत्तर : बुफेच्या टेबलाशी भुकेपेक्षा हिशेब मोठा होतो, ही मूळ अडचण आहे. पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे जे सोडले ते बुडाले असे वाटते आणि ताटात उपम्याशेजारी पराठा, पराठ्याशेजारी ब्रेड-बटर आणि वर इडली असा सर्वधर्मसमभाव नांदू लागतो. पैसे परत मिळत नाहीत, हे मान्य केले की निम्मे काम होते.

उरलेल्या निम्म्यासाठी एक साधी सवय पुरते. ताटली हाती घेण्यापूर्वी रिकाम्या हाताने संपूर्ण टेबलाला एक फेरी घालावी, काय काय आहे ते पाहावे आणि मग त्यातला एकच मुख्य पदार्थ निवडावा. त्याच्या जोडीला अंडी, दही, पनीर किंवा मोड आलेली कडधान्ये यांपैकी काहीतरी आणि एक फळ घ्यावे. प्रथिने असलेली न्याहारी दुपारपर्यंत टिकते, तर नुसता ब्रेड-जाम अकरा वाजताच बसमधल्या चिवड्याची आठवण करून देतो. फळांचा रस घेऊ नये, फळ चावून खावे. दुपारी आणि रात्री अर्धे ताट भाज्या व कोशिंबिरीने भरावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतही दिवसाच्या ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांना दिलेला आहे. कच्ची कोशिंबीर अनोळखी ठिकाणी नको वाटली, तर शिजवलेली भाजी दुप्पट घ्यावी. प्रवासात पोट बिघडण्यापेक्षा ते बरे.

थंड प्रदेशात एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष जात नाही आणि ती म्हणजे चहा. सकाळचा, नाश्त्याचा, बस थांबली म्हणून, गारठा आहे म्हणून, खोलीत परतल्यावर आणि गप्पा रंगल्या म्हणून, असे सहा कप सहज होतात. प्रत्येक कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरली, तर दिवसाकाठी साठ ग्रॅम साखर आणि दुधाव्यतिरिक्त २४० कॅलरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दोन हजार कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत, आणि शक्य झाल्यास पंचवीस ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे जेवणाकडे अजून वळलोही नाही, तोच मर्यादा ओलांडली. तिथला तयार चहा साखर घालूनच उकळलेला असतो, म्हणून बिनसाखरेचा वेगळा मागावा किंवा नुसते गरम पाणी प्यावे. थंडीत तहान लागत नाही, पण शरीराला पाण्याची गरज असतेच.

अशा सहलीत आपण फिरतो असे म्हणतो, प्रत्यक्षात आपल्याला बस फिरवते. दिवसाचे सहा-सात तास आसनावर जातात. त्यामुळे नाश्त्यापूर्वी वीस मिनिटे आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे दोघांनी मिळून चालावे. उंचीवरच्या ठिकाणी पहिल्या दिवशी मात्र दम लागेल असे काही करू नये. आणि रात्रीचे जेवण साडेनऊला मिळणार असेल, तर संध्याकाळच्या चहाबरोबरची भजी टाळण्यासाठी खोलीत भाजलेले चणे जवळ ठेवावेत, कारण भूक लागलेल्या माणसाने गरम भज्यांसमोर बसून संयमाची परीक्षा देणे मला तरी जमलेले नाही.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. बारा वर्षांपासून मधुमेह असून सकाळी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिनची गोळी घेतो. मुलगा, सून आणि नातवंडांसह पाच दिवस गोव्याला जाणार आहोत. मागच्या वेळी सगळेजण समुद्रावर रमल्यामुळे दुपारचे जेवण तीन वाजता झाले आणि मला दरदरून घाम येऊन हातपाय थरथरू लागले. या वेळी गोळी घेऊच नये, असे मला वाटते. मुलगा म्हणतो की सुट्टीत एवढे पथ्य कशाला. – एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्याला झालेला त्रास रक्तातील साखर एकदम खाली गेल्याचा असावा, असे वर्णनावरून दिसते आणि आपल्या बाबतीत वजनापेक्षा हाच विषय अधिक निकडीचा आहे. ग्लिमेपिराइडसारखे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. जेवण वेळेवर आले नाही, तरी औषध आपले काम थांबवत नाही. पण यावरचा उपाय स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे हा नव्हे. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे, जेवणाच्या वेळा किती पुढे-मागे होतील हे स्पष्ट सांगावे आणि गोळीची मात्रा व वेळ बदलायची का, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे.

जेवण तीनला होणार असे दिसताच आपण एक वाजता आपल्यापुरते खाऊन घ्यावे. गोव्यात कोंड्याची पोई, म्हणजे तिथला पाव, मिळतो. तो एक आणि बरोबर उकडलेले अंडे किंवा उसळ असे खाणे पुरेसे होते. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजच्या गोळ्या कायम असाव्यात. घाम, थरथर, धडधड किंवा डोके हलके झाल्यासारखे वाटले, तर तीन छोटे चमचे साखर, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम, पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर साखर तपासावी, ७० पेक्षा कमीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्यावी आणि सावरल्यावर थोडे जेवावे. अशा वेळी चॉकलेट उपयोगाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर सावकाश वर येते. ही सर्व माहिती मुलाला आणि सुनेलाही सांगून ठेवावी. थरथरत्या हाताने पुडी फोडणे अवघड जाते.

मुलाचा ‘पथ्य कशाला’ हा प्रश्न प्रेमातून आलेला आहे, त्यामुळे त्याचे उत्तर रागाने देऊ नये. आपण शीत-कढी, म्हणजे गोव्यातला भात आणि कालवण, खाऊ शकता, मासे खाऊ शकता आणि भाताची एक मूद कमी करून दोन फोडी आंबाही खाऊ शकता. एकाच गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. एप्रिल-मे महिन्यांत गोव्यात काजूच्या बोंडांच्या रसाची ताजी ऊर्राक मिळते आणि ‘एक घोट घेऊन तर बघा’ असे सांगणारे भेटतात. रिकाम्या पोटी घेतलेले मद्य यकृताला साखर सोडू देत नाही. आपल्या गोळीबरोबर ते घेतल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. आणि नशा झाली आहे की साखर उतरली आहे, हे शेजारच्याला ओळखता येत नाही.

आहाराबाहेरची एक सूचना इथेच देते, कारण ती सहसा कोणी देत नाही. बारा वर्षांच्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी झालेली असू शकते. दुपारच्या तापलेल्या वाळूत अनवाणी चालू नये, पाण्यातही मऊ पादत्राणे घालावीत आणि रोज रात्री तळवे पाहावेत. शिंपल्याने कापलेले आपल्याला कदाचित दुखणारही नाही. गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवाव्यात. ज्या वाचकांना इन्सुलिन घ्यावे लागते, त्यांनी ते उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कधीही ठेवू नये.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा असून वयाच्या मानाने त्याचे वजन जास्त आहे. प्रवासात तो सतत शीतपेये, चिप्स आणि नूडल्स मागतो. त्याच्या मोठ्या बहिणीचे वजन योग्य आहे. या सुट्टीत त्याच्यासाठी वेगळा डाएट ठेवावा का? – एक आई, पुणे

उत्तर : ठेवू नये. बहिणीच्या हातात चिप्स आणि त्याच्या हातात काकडी, हे चित्र त्याला पुढची पन्नास वर्षे आठवेल आणि खाण्याशी त्याचे जे नाते बिघडेल, ते कोणत्याही आहारतक्त्याने सुधारणार नाही. या वयात उंची वाढत असते. त्यामुळे वजन कमी करण्यापेक्षा ते काही काळ आहे तिथेच राहिले, तरी पुष्कळदा पुरेसे असते. पण तो निर्णय बालरोगतज्ज्ञांनी त्याची वाढ तपासून घ्यायचा असतो. सुट्टीत त्याचे वजन करू नये आणि नातेवाइकांसमोर त्यावर विनोदही करू नयेत. मामा-काकांना तशी आधीच समज द्यावी.

नियम करायचा, तर तो घराचा करावा आणि वडिलांनाही लागू करावा. शीतपेय गाडीत येणार नाही, हा एक नियम पुरेसा आहे. तीनशे मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे तीस ग्रॅम, म्हणजे सहा छोटे चमचे साखर असते. ती पोट भरत नाही आणि दुसऱ्या बाटलीची इच्छा शिल्लक ठेवते. त्याऐवजी थंड ताक, शहाळे आणि पुरेसे पाणी बरोबर असावे. कोकम सरबताबाबत मात्र सावध राहावे, कारण बाजारातल्या पाकात साखरच अधिक असते. घरी आगळ असेल तर त्याचे पाणी, मीठ-जिरे आणि नावापुरती साखर घालून करावे. मुलाला एक काम द्यावे. प्रत्येक मुक्कामी तिथला एक असा पदार्थ शोधून काढायचा, जो पुण्यात मिळत नाही, आणि तो सगळ्यांनी वाटून खायचा. मागणारा मुलगा निवडणारा झाला की नूडल्सची मागणी आपोआप मागे पडते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. त्याला पोहू द्यावे, किल्ला चढू द्यावा, वाळूत खेळू द्यावे. दिवसातून तासभर घाम येईल इतके खेळणे या वयाला हवेच असते आणि सुट्टीत ते व्यायाम या नावाखाली करून घ्यावे लागत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला राहतो आणि दर दोन वर्षांनी डिसेंबरमध्ये पाच आठवडे भारतात येतो. प्रत्येक नातेवाइकाकडे एक जेवण ठरलेलेच असते. प्रत्येक यजमानाच्या दृष्टीने ते एकच जेवण असते, आमच्या दृष्टीने ते पंचविसावे असते. परतताना दोघांचीही वजने तीन-चार किलोंनी वाढलेली असतात. – एक दांपत्य, न्यू जर्सी

उत्तर : आपण दुखणे इतके नेमके सांगितले आहे की, निदान करायला मला काही उरले नाही. वरच्या ठाण्याच्या भगिनींना दिलेला पाण्याचा दिलासा मात्र आपल्याला पूर्णपणे लागू होत नाही, कारण पाच आठवड्यांत खरी चरबीही साठू शकते. दहा दिवसांच्या सहलीत सणासारखे जेवलेले चालते, पाच आठवडे रोज सण नसतो.

निमंत्रणे स्वीकारण्यापूर्वीच त्यांचे रूप बदलून घ्यावे. प्रत्येकाला ‘रात्री जेवायला येतो’ म्हणण्याऐवजी काहींकडे सकाळी पोहे-चहाला, काहींकडे नुसते संध्याकाळी भेटायला जावे. जिथे जेवण अटळ आहे, तिथे आपण होऊन फर्माइश करावी. ‘आम्हाला तिकडे ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा मिळत नाही, तेवढेच करा’ असे परदेशातून आलेल्या माणसाने म्हटले, तर यजमानीण सुखावते, तिचे कष्ट वाचतात आणि श्रीखंड-पुरी-पनीरचा बेत टळतो. डिसेंबरात हुरडा, ओला हरभरा, गाजरे आणि पालेभाज्या उत्तम मिळतात. मुक्कामाच्या घरी दिवसातले एक जेवण वरण-भात-भाजी किंवा मुगाची खिचडी-ताक इतके साधे ठेवावे. निमंत्रणाच्या दिवशी उपाशी राहून जाऊ नये, कारण उपाशी पाहुण्याचा नकार टिकत नाही.

पहिल्या आठवड्यात आणखी एक अडचण येते. डिसेंबरात तुमच्या आणि आमच्या घड्याळांत साडेदहा तासांचे अंतर असते, त्यामुळे पहाटे तीनला कडकडून भूक लागते आणि हाताशी चकलीचा डबा असतो. त्या वेळेसाठी उशाशी एक केळे आणि थोडे शेंगदाणे ठेवावेत, डबा स्वयंपाकघरातच राहू द्यावा. परतीच्या बॅगेत जाणारी बाकरवडी आणि लाडू हे तिकडच्या मित्रमंडळींना वाटायचे म्हणून नेले जातात व जानेवारीभर घरातच संपतात. म्हणून ते पोहोचल्याच्या पहिल्याच शनिवारी वाटून टाकावेत.

जाता जाता एक प्रश्न बऱ्याच जणांनी दूरध्वनीवर विचारला आहे, त्याचे उत्तर इथेच देते. संकष्टीच्या दिवशी गणपतीपुळ्याला जाणार असून उपवासामुळे त्या दिवसाचे खाणे आपोआप कमी होईल का, असा तो प्रश्न आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि त्यात दाण्याचे कूट व तूप पडले की खिचडीची एक ताटली नेहमीच्या जेवणाची बरोबरी सहज करते. साबुदाणा वडे तर तळलेले असतात. त्यामुळे उपवास केला म्हणून काही वाचले, असे धरून चालू नये. वरीचे तांदूळ आणि दाण्याची पातळ आमटी, उकडलेले रताळे, ताक आणि फळ यांवर दिवस नीट निघतो. रात्री चंद्रोदयानंतर उपवास सोडताना उकडीचे मोदक दोन घ्यावेत, त्यावर तूप एकच चमचा घ्यावे आणि बरोबरचा वरणभात तेवढ्या बेताने कमी करावा.